मसण, स्तूप आणि आत्याची वही

लोक डोंगरात हवा खायला जातात. मी मसण बघायला गेलो.

रविवारी सकाळी पनवेलच्या एसटी स्टँडवर उभं राहून बघा. पाठीला पिशव्या लावलेली पोरंपोरी दिसतील. कुणी कर्नाळ्याला चाललंय, कुणी प्रबळगडाला. त्यांना कुणी विचारत नाही, कशाला चाललात म्हणून. मला मात्र घरात आणि वस्तीत सगळ्यांनी विचारलं. साठी उलटलेला माणूस, गुडघे कुरकुरतात, आणि हा निघाला डोंगर चढायला. म्हणलं, मसण बघायला चाललोय. भाचा हसला. आत्या हसली नाही. ती म्हणाली, "आपलं मसण कुटं ठेवलंय कोनी, म्हनून दुसऱ्याचं बघायला चाललास?"

मित्रहो, हा सगळा लेख म्हणजे आत्याच्या त्या एका प्रश्नाला दिलेलं उत्तर आहे. उत्तर द्यायला मला दोन डोंगर चढावे लागले.

आधी आमच्या मसणाचं सांगतो. पनवेल तालुक्यातलं आमचं गाव. गावाचं मसण नदीच्या काठाला, वर, चांगल्या जागी. महारवाड्याचं मसण खाली, ओढ्याच्या वळणावर. पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी. जित्यापणी जी रचना, तीच मेल्यावर. गावकुसाच्या बाहेर जगायचं आणि गावाच्या मसणाबाहेर मरायचं. आमच्यात तेव्हा बहुतेक मढी पुरायचे. धर्म म्हणून नव्हे. सरणाला लाकूड लागतं आणि लाकडाला पैसा लागतो. खड्डा खणायला नुसते हात लागतात, आणि हात तेवढे आमच्याकडे होते.

माझा आजा १९५५ साली गेला. धम्मदीक्षेला अजून एक वर्ष होतं. त्याला ओढ्याच्या वळणावर पुरलं. वर दगड रचले, कोल्हं उकरू नये म्हणून. त्या दगडांवर नाव नव्हतं. नाव कोण लिहिणार? लिहिता येणारा माणूस वाड्यात नव्हता, आणि लिहिता येणारे लोक वाड्यात येत नव्हते. पुढं कित्येक वर्षांनी त्या बाजूनं रस्ता आला. जमीन सपाट झाली, ओढा पाइपात गेला. आज आज्याच्या छातीवरून ट्रक जातात. तक्रार करायची तर कागद मागतात. मसण होतं याचा पुरावा काय? पुरावा म्हणजे हाडं, आणि हाडं रस्त्याखाली.

आता माझ्या आज्याचं मसणाशी नातं काय होतं ते ऐका. गावात कुणीही मेलं की पहिली हाक महारवाड्याला. मौतीचा सांगावा घेऊन पावण्यांच्या गावोगाव चालत जायचं काम आज्याचं. ऊन असो, पाऊस असो, रात्र असो. सांगावा दारात उभं राहून नव्हे, लांबून ओरडून द्यायचा. परत येऊन लाकडं फोडायची, गोवऱ्या वाहायच्या. सरण रचलं की बाजूला व्हायचं, कारण हात लागला तर मढं बाटतं! आणि या सगळ्याची मजुरी काय? मढ्यावरचं कापड. बावन्न हक्कांतला तो एक हक्क. 'हक्क' हा शब्द किती गोड आहे बघा. सरकारदरबारी त्याला वतन म्हणायचे. आमच्या वतनाच्या जमिनीचं नावसुद्धा हाडकी-हाडोळा. हाडाशिवाय आमचं नाव पूर्ण होत नव्हतं. १९५८ साली कायदा झाला आणि महारकी वतन गेलं. आज्याला ते बघायला मिळालं नाही.

आत्या सांगते, तिच्या लहानपणी तिच्या अंगावरचं परकराचं कापड कुणाच्या मढ्यावरून आलेलं आहे ते तिला माहीत असायचं. "ता पाटलाच्या म्हातारीचं व्हतं," असं ती सहज सांगते, जसं दुसरं कुणी सांगेल की हे दिवाळीला घेतलेलं. पंचक्रोशीतल्या प्रत्येक मेलेल्या माणसाचं नाव आज्याच्या तोंडी होतं. सांगाव्याला नाव लागतंच. अमक्याचा तमका गेला. सबंध मुलखाच्या मौतीची नावं ज्यानं पायपीट करून पोचवली, त्याचं स्वतःचं नाव कुठल्याच दगडावर नाही.

ही गोष्ट माझ्या मनात काट्यासारखी होती. काटा हलला तो भाज्याच्या लेण्यात.

भाजे आम्हा पनवेलकरांना काही फार लांब नाही. बोरघाट चढला की लोणावळा, पुढं मळवली स्टेशन, तिथून चालत. वस्तीतल्या मंडळींबरोबर गेलो होतो. सगळे मोठ्या चैत्यगृहात वंदना घेऊन फोटो काढत होते. मी जरा पुढं सरकलो तर एका वेड्यावाकड्या खोदकामात दगडाचे स्तूप एकाला एक लागून उभे. मोजले. चौदा. काही आत, काही बाहेर उघड्यावर. हे कशाला एवढे? पूजेला एक स्तूप पुरतो. मग तिथं आलेल्या एका जाणत्या माणसानं सांगितलं, ही पूजेची नव्हेत, ही मेलेल्या भिक्षूंची स्मारकं आहेत. काहींवर ब्राह्मी अक्षरात नावं आहेत. स्थविर भदंत धम्मगिरी यांचा स्तूप. स्थविर भदंत अंपिकिणक यांचा स्तूप. स्थविर भदंत संघदिन यांचा स्तूप.

मी तिथंच खाली बसलो. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचं नाव मी वाचत होतो, आणि १९५५ साली मेलेल्या माझ्या आज्याच्या नावाचा एक काना कुठं उमटलेला नव्हता.

स्तूप म्हणजे तरी काय? पुस्तकात लिहितात, बौद्धांचं पूजास्थान. खरं आहे. पण मुळात ती मातीवर रचलेली रास आहे. मेलेल्याच्या राखेवर, हाडांवर केलेला ढीग. 'चैत्य' या शब्दाचं नातं चितेशी आहे. म्हणूनच दादरच्या समुद्राकाठी जिथं ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांना अग्नी दिला, त्या जागेला आपण चैत्यभूमी म्हणतो. आपल्या लोकांनी तो शब्द बरोबर उचलला. आणि पुढं १९७१ साली तिथं स्तूप उभा राहिला. सहा डिसेंबरला लाखो माणसं कशासाठी जातात? एका चितेच्या जागेसाठी. ज्या समाजाला मसणात जागा नव्हती, त्यानं चितेच्या जागेला देशातलं एक मोठं भेटीचं ठिकाण केलं. हे साधं काम नव्हे.

भाज्याहून आल्यावर विचारत फिरलो, वाचत बसलो. तेव्हा कळलं की नुसते चौदा स्तूप नव्हेत, भिक्षूंचं अख्खं मसण कान्हेरीला आहे. १९७०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी तिथले लेख शोधले, वाचले आणि जगासमोर ठेवले. विटांचे स्तूप, एकदोन नव्हे, शंभराच्या वर. त्यांच्याबरोबर नावं कोरलेले दगड. तिकडं जायचं ठरलं.

पनवेलहून पहिल्या लोकलनं निघालो. बरोबर भाचा. कुर्ल्याला बदल, दादरला बदल, मग बोरिवली. स्टेशनपासून जवळच राष्ट्रीय उद्यानाचं फाटक. पूर्वी याला बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हणायचे, आता संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०० चौरस किलोमीटरचं जंगल, चारी बाजूंनी मुंबई आणि ठाणे. आत वाघ-सिंहाची सफारी, छोटी रेल्वे, बिबटे मोकळे. या जंगलात वारली, कातकरी आदिवासींचे पाडे आहेत. जंगलाच्या कडेनं हजारो झोपड्या होत्या. १९९७ साली उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि त्या पाडायला सुरुवात झाली. तिथंही माणसाला एकच गोष्ट मागितली, पुरावा. तुझं नाव कुठल्या यादीत आहे दाखव. मला आमचा रस्ता आठवला.

फाटकापासून लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटर. बस मिळते. आम्ही चाललो. भाचा कुरकुरला. मी म्हणलं, तुझा पणजा सांगावा घेऊन एका रात्रीत याच्या तिप्पट चालायचा. तो गप्प झाला. पावसाळा सरता सरताचे दिवस. ओढे वाहत होते, सागाची पानं ताटाएवढी.

कान्हेरी म्हणजे कृष्णगिरी, काळा डोंगर. लेखात 'कण्हसेल', 'कण्हगिरी' असं नाव येतं. शंभराहून जास्त लेणी. इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून दहाव्या-अकराव्या शतकापर्यंत इथं भिक्षू राहिले. म्हणजे हजार वर्षं! प्रत्येक लेण्याच्या दाराशी पाण्याचं टाकं. वरून पडणारं पाणी दगडात कोरलेल्या पन्हळीतून टाक्यात आणलेलं. बसायला ओटा, निजायला ओटा. चवदार तळ्यावर एक ओंजळ पाण्यासाठी डोकी फोडून घेतलेल्या लोकांनी ही टाकी जरूर बघावीत. ती एका जातीसाठी राखून ठेवलेली नव्हती.

आणि पैसा कुणाचा? राजाराणीचा होताच. पण लेख वाचले तर कल्याणचे, सोपाऱ्याचे, चेऊलचे व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी, सोनार दिसतात. कल्याणच्या नंद नावाच्या एका लोहारानं इथं वाट करून दिली, तसा लेख आहे. लोहाराचं नाव दगडावर! मोठ्या चैत्याच्या लेखात तर काम बघणाऱ्या भिक्षूंबरोबर दगड घडवणाऱ्यांचाही उल्लेख आहे. मी उगाच भाबडेपणा करत नाही. ज्यांनी हा डोंगर पोखरला त्या बहुतेकांची नावं तिथंही नाहीत. छिन्नी मारणारे हजार, नावं दोनचार. पण दोनचार तरी आहेत. आमच्याकडं गावची चावडी ज्यांनी बांधली, त्यातल्या एकाचंही नाव चावडीवर नाही.

चैत्यगृहाच्या अंगणात आणखी एक गोष्ट कळली. १८३९ साली जेम्स बर्ड नावाच्या इंग्रजानं इथले स्तूप खणले. आत तांब्याची भांडी मिळाली, भांड्यात राख, आणि ताम्रपट. ताम्रपटावर त्रैकूटकांच्या संवताचं २४५ वं वर्ष, म्हणजे इसवी सनाचं पाचवं शतक संपता संपताचं. साडेतेराशेच्या आसपास वर्षं कुणाची तरी भक्ती जमिनीत शांत पडली होती. ती उकरली तेव्हा ज्ञान मिळालं, हे खरं. पण राख उकरली हेही खरं. मसण उकरण्याची दोन कारणं मी बघितली. एक ज्ञान, दुसरं रस्ता. पहिल्यात निदान नोंद तरी होते.

सगळी गर्दी तिसऱ्या लेण्यापाशी थांबते. मसण तिथं नाही. डोंगराला वळसा घालत जावं लागतं. सत्त्याऐंशी नंबरापाशी कड्याच्या पोटात लांबच लांब कपार आहे. वर दगडाचं छप्पर, समोर उघडं. त्या कपारीत, आसऱ्याला, विटांचे स्तूप होते. आज उरलेत ते बरेचसे पाये. गोल, चौकोनी, एकाला एक खेटून. विटा झिजलेल्या. कुणी सांगितलं नाही तर माणूस पडक्या चुलाणाची जागा समजून पुढं जाईल. या जागेला अभ्यासक निर्वाणवीथी म्हणतात. वीथी म्हणजे गल्ली, आळी. मेलेल्यांची आळी. आळी हा शब्द मला फार आवडला. आमच्याही वाड्याच्या आळ्याच होत्या. फरक एवढाच की ही आळी आसऱ्याला आहे.

लेख पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे आहेत. फार लांबलचक नाहीत. अमुक स्थविर, तो अर्हत होता, त्याला सहा अभिज्ञा मिळाल्या होत्या, त्याचा हा स्तूप. संपलं. कुळ नाही. गोत्र नाही. बापाचं नाव सांगून मोठेपणा मिरवलेला नाही. माणसानं काय मिळवलं तेवढं लिहिलंय. दगडावर माणूस असा मोजलेला मी पहिल्यांदा बघितला. आपल्या देशात मेल्यावरही जात सुटत नाही, मसणाच्या पाटीवर जातीचं नाव असतं. आणि इथं दीड हजार वर्षांपूर्वीच्या दगडाला माणसाची जात माहीतच नाही.

भाच्यानं विचारलं, "मामा, हे आपलेच लोक का?" सगळेजण हा प्रश्न विचारतात. बाबासाहेबांनी १९४८ साली 'अनटचेबल्स' लिहिलं आणि त्यात मांडलं की अस्पृश्य म्हणजे मूळचे बौद्ध झालेले वाताहत झालेले लोक. मी ते मानतो. पण त्या दगडांसमोर उभं राहून मी भाच्याला 'हो, हे तुझे खापरपणजे' असं म्हणलं नाही. भिक्षू सगळ्या वर्णांचे होते. संघात आलेल्यानं घर सोडलेलं असतं, मग मी त्याच्या घरावर दावा कसा सांगू? रक्ताचं नातं शोधायची खोड बामणी आहे, ती आपण उचलू नये. नातं दुसरीकडं आहे, आणि ते जास्त बोचरं आहे.

बेडश्याच्या लेण्यात एक छोटा स्तूप आहे. तेही घाटावरच, कामशेतजवळ. त्याच्यावर लेख आहे. गोभूती नावाचा भिक्षू, मारकुडाला राहणारा, आरण्यक आणि पिंडपातिक. त्याचा स्तूप त्याच्या आषाढमित्र नावाच्या शिष्यानं करवला. आरण्यक म्हणजे वस्तीबाहेर रानात राहणारा. पिंडपातिक म्हणजे मागून आणलेल्या अन्नावर जगणारा. भिक्षूंची तेरा कडक व्रतं होती, त्यांना धुतांग म्हणतात. त्यातली ही दोन. त्याच तेरांत आणखी दोन आहेत. एक पांसुकूलिक, म्हणजे उकिरड्यावरच्या, मसणातल्या टाकलेल्या चिंध्या शिवून घालणारा. दुसरं सोसानिक, म्हणजे मसणात राहणारा.

आता मोजा. वस्तीबाहेर राहणं. मागून खाणं. मढ्यावरचं कापड घालणं. मसणात वावरणं. ही चारही व्रतं माझ्या आज्यानं जन्मभर पाळली! एकही दिवस चुकवला नाही. फक्त त्यानं ती घेतलेली नव्हती. त्याच्यावर लादली होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळासाठी हुकूम आहे, गावाबाहेर राहावं, मेलेल्यांचे कपडे घालावेत. भिक्षूनं जे हौसेनं पत्करलं, तेच मनूनं शिक्षा म्हणून लिहिलं. कापड तेच, मसण तेच. एकाला त्या कापडानं अर्हत केलं, दुसऱ्याला त्याच कापडानं महार केलं.

यात फरक कशाचा? निवडीचा. ज्याला नाही म्हणता येतं, त्याचंच हो म्हणणं व्रत ठरतं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याची ती वेठ. म्हणून बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला लोकांना सांगितलं, मेलेलं ढोर खाऊ नका, शिळंपाकं मागू नका, आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. आधी नाही म्हणायला शिकवलं. मग १९५६ साली हो म्हणायला. हा क्रम उलटा करता येत नाही. गुलामाला त्यागाचा उपदेश करणारे महात्मे आपण पुष्कळ बघितलेत.

आणि निवडीचा आणि नावाचा संबंध आहे. गोभूतीचं नाव कोरलं कारण त्यानं काहीतरी केलं असं मानलं गेलं. आज्याचं कोरलं नाही, कारण त्यानं जे केलं ते त्याच्या जातीनं केलं असं धरलं. महारानं सांगावा आणला. कुठला महार? कुणीतरी महार. जात म्हणजे माणसाचं नाव पुसून त्यावर लिहिलेलं दुसरं नाव.

चोखोबाचं आठवा. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर राबताना भिंत कोसळली आणि तो मजुरांसकट गाडला गेला. साल १३३८. कथा अशी सांगतात की ढिगाऱ्यात कुणाची हाडं कुणाची कळेना, तेव्हा नामदेवानं हाडांना कान लावला. ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबाची. ती पंढरपूरला नेऊन महाद्वारापाशी समाधी बांधली. द्वारापाशी, बाहेर. आत जायला आपल्या लोकांना १९४७ साल उजाडावं लागलं. लहानपणी ही कथा ऐकून मी रडायचो. आता दुसरंच मनात येतं. त्या भिंतीखाली मेलेले बाकीचे मजूर कोण होते? त्यांची हाडं काय बोलत होती? आणि चोखोबाची हाडं बोलली ती देवाचं नाव. महाराच्या हाडाला ओळख पटवायलासुद्धा दुसऱ्याचं नाव घ्यावं लागलं.

मग भीमा कोरेगावचा खांब. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत मेलेल्यांची नावं त्यावर आहेत, त्यातल्या बावीस नावांच्या शेवटी 'नाक' आहे. नाक म्हणजे महाराची खूण. बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला तिथं गेले. आपले लोक तिथं का जातात यावर मोठमोठे विद्वान वाद घालतात. कंपनी सरकारची लढाई, तुमचा त्यात काय अभिमान वगैरे. अहो, तुमच्या घराण्याची बखर आहे, वंशावळ आहे, समाधी आहे, छत्री आहे. आमच्या बावीस माणसांची नावं एका दगडावर आहेत. ती वाचायला जातो. एवढंच धरा आणि गप्प बसा.

नावं माहीत नसली तरी मसण राखता येतं, हेही आपल्या कोकणातच बघायला मिळतं. पनवेलमध्ये बेने इस्रायली लोकांची वस्ती जुनी. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. त्यांचं बेथ एल हे प्रार्थनामंदिर १८४९ सालचं, अजून उभं आहे. त्यांची समजूत अशी की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. बुडालेल्यांना तिथंच पुरलं. त्या मेलेल्यांचं एकही नाव कुणाला ठाऊक नाही. तरी पिढ्यान् पिढ्या त्यांनी ती जागा विसरू दिली नाही, आज तिथं स्मारक आहे. लोक थोडे, सत्ता नाही, राज्य नाही. पण आपले मेलेले कुठे आहेत हे सांगत राहिले. मी ते बघून आत्याला म्हणलं, सांगत राहणं हेच मसण. दगड नंतर.

कान्हेरीहून परतताना भाच्यानं विचारलं, "मग आता काय करायचं?" पोराचा प्रश्न बरोबर होता. नुसतं हळहळून उपयोग नाही. रस्ता उखडून आज्याला वर काढता येणार नाही. पण आषाढमित्रानं जे केलं ते करता येतं. शिष्यानं गुरूचं नाव लिहिलं. नातवानं आज्याचं लिहावं.

घरी आलो. दोनशे पानी वही घेतली. आत्यासमोर बसलो. म्हणलं, सांग. ओढ्याच्या वळणावर कोणकोण आहे?

आत्या आधी तयार होईना. "आरं, मेल्याची नावं काढू नयेत."

म्हणलं, "आज्यानं जन्मभर मेल्यांचीच नावं काढली. लोकांच्या दारात जाऊन. आता त्याचा सांगावा कोन देनार?"

आत्या बराच वेळ गप्प होती. मग बोलायला लागली. संध्याकाळपासून रात्री जेवणवेळेपर्यंत बोलत होती. पहिलं नाव आज्याचं. मग आज्याच्या भावाचं. मग बाळंतपणात गेलेल्या दोन बाया. तापात गेलेली पोरं, त्यातली काही नाव ठेवायच्या आधीच गेलेली. आत्यानं विचारलं, "त्यांचं काय लिवतोस?" म्हणलं, अमकीचं पोर असं लिहितो. बाईच्या नावानं. आत्या म्हणाली, "बापाचं नको?" म्हणलं, नको. जिनं पुरलं तिचं लिहू. आत्यानं मान हलवली. तिच्या डोळ्याला पदर लागला तो तेव्हा, आज्याच्या नावाला नव्हे.

बायांची नावं बायांनाच माहीत असतात, हे मला त्या रात्री कळलं. पुरुषांना विचारलं तर ते अमक्याची बायको, तमक्याची आई असं सांगतात. आत्यानं माहेरची नावं सांगितली. मग ती म्हणाली, खालच्या आळीतल्या म्हातारीला यापेक्षा जास्त माहीत आहे, पण ती आता फार दिवस काढत नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी तिच्याकडं गेलो. अशी दीड महिना वही फिरली. एकसष्ट नावं झाली. प्रत्येक नावापुढं ते काय काम करायचे ते लिहिलं. सांगावा न्यायचा. मीठ वाहायची. भात झोडायचा. गाणी सांगायची. कान्हेरीच्या दगडांनी शिकवलेलं तेवढंच, माणसानं काय केलं ते लिहावं. कुळ नको, गोत्र नको.

ती नावं मी इथं छापत नाही. त्यांच्या घरच्या माणसांना विचारल्याशिवाय छापणार नाही. वही विहारात ठेवलीय, बुद्धाच्या मूर्तीच्या डाव्या हाताला. कुणीही यावं, वाचावं, चुकलेलं दुरुस्त करावं, राहिलेलं भरावं. भाच्यानं तिच्या नकला काढून ठेवल्यात, कारण कागदाला वाळवी लागते. दगडाला लागत नाही. पण दगड कुणाच्या मालकीच्या जमिनीवर उभा करायचा, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. आजही गावोगाव आपल्या मढ्याची वाट अडवतात, तिरडी घेऊन माणसं तास तास उभी राहतात, अशा बातम्या येतातच. म्हणून दगडाची वाट बघत बसू नका.

तुमच्या वाड्यात एखादी आत्या, एखादी आजी अजून असेल. एक वही घ्या. तिच्यासमोर बसा. एवढंच विचारा की आपलं मसण कुठं होतं आणि तिथं कोण आहे. ती आधी म्हणेल, मेल्याची नावं काढू नयेत. तरी बसून राहा.

परवा आत्यानं वही मागवली. तिला वाचता येत नाही. तिनं नुसती पानं उलटली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. एकसष्टाच्या खाली जागा मोकळी होती.

"इथं माझं लिवशील," ती म्हणाली. "आनि काम काय केलं म्हनून लिवशील?"

म्हणलं, "आत्या, तूच सांग."

ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "लिव, नावं सांगितली."